काळ सोकावतो म्हणून?

‘म्हातारी मेल्याचे दुःख नाही, पण काळ सोकावतो’ ही म्हण मी वर्गात मोठ्या हौसेने समजावतो. सराईत चोराला जबर शिक्षा हवीच, असे माझेही मत होते. पण कॅलिफोर्नियातला एक खटला वाचून चरकलो. १९९५ साली एकाने दोन दुकानांतून ९ व्हिडिओ फिती चोरल्या. किंमत सुमारे १५० डॉलर. जुन्या घरफोड्या जमेस धरून शिक्षा झाली किमान ५० वर्षे कैदेची! २००३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती ५ विरुद्ध ४ मतांनी कायम केली. २०१२ साली तिथल्या मतदारांनीच तो कायदा सौम्य केला.

सवयीबद्दल थोडी जादा शिक्षा असावी, हे मान्य. परंतु वाचकहो, मागल्या गुन्ह्यांची शिक्षा भोगून झालेली असते. फिटलेल्या कर्जावर पुन्हा व्याज कसले?