कथेतला फौजदार आणि मानवतचा तपास



रब्बीची पेरणी आटोपली, पहिले पाणी देऊन झाले, की खेड्यातल्या माणसाला चार घटका वाचायला सवड मिळते. गावच्या वाचनालयात जाऊन पाहा. ज्या पुस्तकांची पाने सुटलेली, कोपरे दुमडलेले आणि पुठ्ठे निघालेले असतात, ती बहुधा रहस्यकथांची निघतात. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर पुस्तके लिहिली. त्यांचा झुंजार आणि काळापहाड आपल्या आजोबांच्या पिढीने कंदिलाच्या उजेडात वाचला. या सगळ्या कथांतून एक पात्र हटकून भेटते. ते म्हणजे जुना, मुरलेला, तिरसट फौजदार. मिशा पिकलेल्या, आवाज चढा, कोणाचे ऐकून घ्यायचे नाही, साहेबाशी पटायचे नाही. पण एकदा मागावर लागला की गुन्हेगाराला बिळातून ओढून काढल्याशिवाय राहायचा नाही.

असा फौजदार वाचायला गोड लागतो. त्यात वाईट काही नाही. परंतु खरा तपास कसा चालतो, तो का अडतो आणि कशाने सुटतो, हे कथेतून कळत नाही. ते कळायचे असेल तर खऱ्या पोलिस अधिकाऱ्याने लिहिलेले वाचावे. असे एक पुस्तक आहे आणि त्यातली एक मोठी हकिकत आपल्या मराठवाड्याचीच आहे. म्हणून या अंकात खतांच्या मात्रा बाजूला ठेवून त्याविषयी लिहितो.

कोण हे अधिकारी?

रमाकांत कुलकर्णी हे त्यांचे नाव. मुंबई पोलिसांच्या गुन्हे शाखेचे ते प्रमुख अधिकारी होते आणि पुढे महाराष्ट्राचे पोलिस महासंचालक झाले. वर्तमानपत्रांनी त्यांना भारताचा शेरलॉक होम्स म्हटले. निवृत्तीनंतर त्यांनी आपल्या हाताखालून गेलेल्या खटल्यांवर इंग्रजीत लिहिले. ‘फूटप्रिंट्स ऑन द सँड ऑफ क्राइम’ हे त्यांचे पुस्तक. एकेक प्रकरण म्हणजे एकेक गोष्टच. फरक एवढाच की गोष्टीतले मेलेले लोक खरोखर मेलेले आहेत.

त्यांच्या कारकिर्दीतला सर्वांत गाजलेला मुंबईचा तपास रामन राघवचा. १९६५-६६ साली मुंबईच्या पूर्व उपनगरांत रेल्वेच्या कडेने आणि १९६८ साली पुन्हा, रात्री झोपडीत व पदपथावर झोपलेल्या गरिबांवर हल्ले होऊ लागले. शहर इतके घाबरले की लोक रात्र जागून काढू लागले. २७ ऑगस्ट १९६८ रोजी अॅलेक्स फियालो या उपनिरीक्षकाने वर्णनावरून एका माणसाला रस्त्यात ओळखले आणि धरले. त्याच्याजवळ काय सापडले? चष्मा, कंगवे, कात्री, लसूण, चहापत्ती. बोटांचे ठसे जुन्या नोंदींशी जुळले. तो बोलायला मात्र तयार नव्हता. शेवटी काय हवे म्हणून विचारले तेव्हा त्याने कोंबडीचे जेवण मागितले. ते मिळाले, पोट भरले आणि मग तो बोलू लागला. एक्केचाळीस खुनांची कबुली त्याने दिली.

कथेतला फौजदार असता तर टेबलावर मूठ आपटली असती. येथे काम झाले ते वर्णन लक्षात ठेवणाऱ्या एका उपनिरीक्षकामुळे, जपून ठेवलेल्या ठशांमुळे आणि एका ताटामुळे.

दुष्काळ आणि मानवत

आता आपल्या भागाकडे वळू. मानवत हे परभणी जिल्ह्यातले कापसाच्या बाजारपेठेचे गाव. मनमाडहून परभणीकडे जाणाऱ्या रेल्वेवर मानवत रोड स्टेशन लागते, ते तुमच्यापैकी अनेकांना माहीत असेल. साल १९७२. त्या सालाचे नाव काढले की घरातली जुनी माणसे अजून गप्प होतात. पाऊस नाही, विहिरी कोरड्या, गुरे कवडीमोलाने गेली. माणसे खडी फोडायला गेली आणि परदेशातून आलेल्या लाल मिलोच्या भाकरीवर दिवस काढले. त्याच हिवाळ्यात, १४ नोव्हेंबर १९७२ पासून, मानवतला खून पडू लागले.

४ जानेवारी १९७४ पर्यंत, म्हणजे चौदा महिन्यांच्या आत, दहा जीव गेले. त्यांत एकही पुरुष नव्हता. दहा वर्षांच्या आसपासच्या पाच मुली, मांडीवरचे एक तान्हे लेकरू आणि चार बाया. शेवटच्या एका दिवसात तर एक आई आणि तिच्या दोन मुली, अशा तिघी गेल्या. शेताला भाकर घेऊन जाणारी, सरपण वेचणारी, गोवऱ्या गोळा करणारी पोर घरी येईल की नाही, याची खात्री उरली नाही. दूरदूरच्या खेड्यांतही आया लेकरांना एकटे पाठवीनात. माझ्या वयाच्या माणसांनी ही भीती स्वतः पाहिली नाही, पण मराठवाड्यात वाढताना तिच्या गोष्टी ऐकल्या. ‘मानवतला नेईन’ एवढे म्हटले की हट्टी पोर गप्प बसायचे.

स्थानिक तपासाला काही केल्या यश येईना. तेव्हा सरकारने मुंबईहून कुलकर्णींना धाडले.

तपास अडला कशाने?

पोलिसांच्या म्हणण्याचा सारांश असा. गावातल्या एका वजनदार घरात दोन गोष्टींची ओढ लागली होती. एक, मूल व्हावे. दुसरी, जुन्या पिंपळाखाली पुरलेले गुप्तधन मिळावे. त्यासाठी मांत्रिकाचा सल्ला घेतला गेला. पिंपळावरच्या मुंजाला कुमारिकेचे रक्त दिले म्हणजे तो प्रसन्न होईल, असे सांगितले गेले. एका बळीने भागले नाही म्हणून दुसरा, दुसऱ्याने भागले नाही म्हणून तिसरा.

येथे तपासाचे पाय दोन ठिकाणी रुतत होते. पहिले, गावाचे तोंड बंद होते. ज्यांच्याकडे बोट जाते तेच गावात वजनदार. मजुरी त्यांच्याकडे, उधारी त्यांच्याकडे. दुष्काळी वर्षात पोट ज्याच्या हाती, त्याच्याविरुद्ध साक्ष द्यायला कोण उठणार? दुसरे, भीतीला देवाधर्माचे पांघरूण होते. ‘मुंजाचे काम आहे, त्यात पडू नये’ असे एकदा मनाने घेतले की माणूस डोळ्यांनी पाहिलेलेही सांगत नाही. मुंज्याला समन्स बजावता येत नाही. चाकू मात्र माणसाच्या हातात असतो, ही साधी गोष्ट धरून तपास पुढे न्यावा लागला.

कोर्टाने काय म्हटले?

अठरा जणांवर खटला भरला गेला. दोघे माफीचे साक्षीदार झाले. परभणीच्या सत्र न्यायालयाचा निकाल, मग मुंबईला उच्च न्यायालय (आपल्या औरंगाबादचे खंडपीठ १९८१ नंतरचे) आणि शेवटी १९७७ साली सर्वोच्च न्यायालय, असा हा प्रवास झाला. ज्यांच्याविरुद्ध स्वतंत्र पुरावा उभा राहिला, त्यांची शिक्षा कायम राहिली. परंतु कटाचे सूत्रधार म्हणून ज्या दोघांवर आरोप होता, ते मात्र सुटले.

गावोगावच्या पारावर त्या वेळी या निकालाची मोठी चर्चा झाली असेल. ‘मोठे सुटले आणि लहान अडकले’ असे म्हणणारे आजही भेटतात. पण कोर्टाचे म्हणणे नीट समजून घेतले पाहिजे. माफीचा साक्षीदार हा स्वतः गुन्ह्यात सामील असलेला माणूस. आपली मान सोडवण्यासाठी तो दुसऱ्याची अडकवू शकतो. म्हणून त्याच्या सांगण्याला महत्त्वाच्या बाबतीत दुसऱ्या, स्वतंत्र पुराव्याचा आधार हवा. आणि तो आधार प्रत्येक आरोपीपुरता वेगळा हवा. असा आधार नसेल तर संशय कितीही दाट असो, शिक्षा देता येत नाही. हा निकाल आजही देशभरच्या कोर्टांत दाखला म्हणून वाचला जातो.

उद्या भावकीच्या भांडणात कोणी गुन्हेगार तुमचे नाव घेऊन मोकळा होऊ पाहील, तेव्हा हाच नियम तुमच्या आड उभा राहणार आहे. तो सर्वांसाठी आहे, म्हणूनच तो कधी कधी कडू लागतो.

तुरीचे झाड आणि तपास

कृषी विस्ताराच्या नोकरीत बांधाबांधाने फिरताना एक गोष्ट सतत दिसते. उभी तूर मधेच वाळू लागली की घरात पहिला विचार येतो करणीचा, नाही तर शेजाऱ्याच्या नजरेचा. दुसरा विचार येतो कृषी सेवा केंद्रातून मिळेल ते औषध आणून फवारण्याचा. झाड उपटून पाहण्याचा विचार तिसऱ्या नंबरावर येतो.

खरे तर तपास तिथूनच सुरू होतो. वाळलेले झाड मुळासकट उपटावे आणि खोड उभे चिरावे. आत काळपट तपकिरी रेघा दिसल्या तर तो मर रोग; त्याची बुरशी जमिनीत असते आणि वरून फवारून ती जात नाही. झाड हाताने अलगद उपटून आले आणि मुळे कुरतडलेली असली तर हुमणी. मर निघाली तर तेथे पुन्हा तूर न घेता पिकाची फेरपालट करावी, पुढच्या वेळी प्रतिबंधक वाण घ्यावा, बियाण्याला ट्रायकोडर्मा चोळावी. ज्या शेतकऱ्याने खोड चिरून पाहिले, त्याचे भांडण शेजाऱ्याशी होत नाही. ते बुरशीशी होते.

गुन्ह्याचा तपास आणि रोगाचे निदान यांची रीत एकच आहे. आधी पाहावे, मग जुळवावे, मग बोलावे. कथेतला फौजदार आधी ओरडतो, हे सोडून द्या. तोही शेवटी खोड चिरूनच पाहतो, म्हणून तर तो आपल्याला आवडतो.

आज काय?

मानवतच्या घटनेवर १९८१ साली अमोल पालेकरांनी ‘आक्रीत’ हा चित्रपट केला. पटकथा विजय तेंडुलकरांची होती. २०२४ साली कुलकर्णींच्या पुस्तकावरून ‘मानवत मर्डर्स’ ही मालिका आली. तिच्यात आशुतोष गोवारीकर यांनी कुलकर्णींची भूमिका केली आहे. तरुण पोरांनी ती मोबाइलवर पाहिली आहे. पाहून झाल्यावर बहुतेकजण म्हणतात, ‘तेव्हा लोक अडाणी होते.’

तेवढे म्हणून भागत नाही. गुप्तधनासाठी रात्री खड्डे खणणारे आजही सापडतात आणि त्यांत शिकलेली माणसेही असतात. कर्ज डोक्यावर बसले, दोन वर्षे पीक हाती लागले नाही, सुनेला मूल होईना, की माणूस कोणाच्याही पायरीवर जाऊन बसतो. मांत्रिकाचे दुकान अडलेल्या माणसावरच चालते. १९७२ साली दुष्काळ होता, हे विसरू नये.

डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. त्याच वर्षी महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा झाला. घरात माहीत असाव्यात अशा त्यातल्या काही बाबी :

गुप्तधन, मौल्यवान वस्तू किंवा पाण्याचा शोध यांच्या नावाखाली अमानुष कृत्य करणे, नरबळी देणे किंवा त्याचा सल्ला देणे हा गुन्हा आहे.

भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, चटके देणे, कोंडून ठेवणे हा गुन्हा आहे.

साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाण्यापासून अडवून मंत्राचे उपचार करणे हाही गुन्हा आहे. शेतात राबणाऱ्या घरांनी हे विशेष लक्षात ठेवावे. सर्पदंशावर औषध आहे, ते सरकारी दवाखान्यात मिळते आणि त्यात वेळेला मोल असते.

मूल नसलेल्या स्त्रीला अपत्याचे आमिष दाखवून तिचे शोषण करणे हा गुन्हा आहे.

या गुन्ह्यांना सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजारांपासून पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आहे. पोलिस ठाण्यात तक्रार देता येते. तातडीची वेळ असेल तर ११२ या क्रमांकावर फोन करावा.

घरातल्या वडीलधाऱ्यांना आणखी एक सांगणे. मूल होत नसेल तर दोष सुनेचाच, असे धरून चालू नका. कारण नवऱ्यातही असू शकते. दोघांचीही तपासणी करावी लागते आणि अनेक जोडप्यांना साध्या उपचारांनीही गुण येतो. सासूने हे एकदा घरात मोकळेपणाने बोलून टाकले, तर मांत्रिकाचा अर्धा धंदा बसेल.

वाचनालयासाठी सूचना

गावच्या वाचनालयाच्या समितीने पुढच्या खरेदीत रहस्यकथांच्या जोडीला पोलिस अधिकाऱ्यांच्या आठवणींचीही दोन-चार पुस्तके घ्यावीत. आपल्याकडे छत्रपती संभाजीनगरला औरंगपुऱ्यातल्या पुस्तकांच्या दुकानांत चौकशी केली तर मिळतील किंवा मागवून देतील. इंग्रजी वाचणाऱ्या कॉलेजातल्या पोराला रोज एक प्रकरण वाचायला लावावे आणि रात्री जेवणानंतर ते घरच्यांना मराठीत सांगायला लावावे. पोराचे इंग्रजी सुधारेल आणि घरात चर्चा होईल.

अर्नाळकरही वाचावेत, जरूर वाचावेत. फक्त पुस्तक मिटल्यावर एक ध्यानात ठेवावे. मानवतला तो तिरसट फौजदार वेळेवर पोचला नाही. दहा जीव गेले. पहिल्याच वेळी, पहिल्याच मुलीच्या बाबतीत, पाहिलेले खरे सांगायला गावातली चार माणसे पुढे आली असती, तर मुंबईहून कोणाला बोलवावेच लागले नसते. तपासाची पहिली पायरी पोलिस ठाण्यात नसते. ती आपल्या ओसरीवर असते.