शुक्रवार, शारजा आणि आपले युक्तिवाद

शारजा म्हटलं की ऐंशी-नव्वदच्या दशकांत वाढलेल्या मराठी माणसाला एक वाक्य हमखास आठवतं: ‘शुक्रवारी शारजात आपण पाकिस्तानशी हरणारच.’ चाळीतल्या एका टीव्हीसमोर दाटीवाटीने बसलेल्यांनी ते मानलं. आज शारजातल्याच अल् नहदा किंवा रोला भागांतल्या मराठी घरांतही गणपतीच्या जेवणानंतर क्रिकेटचा विषय निघाला की कुणीतरी ते ऐकवतंच. वाक्य खरं की खोटं याची उत्सुकता असतेच, पण ते ठरवायचं कसं हा प्रश्न जास्त कामाचा आहे. युक्तिवादाबद्दलचे आपले बरेच गैरसमज याच मैदानावर तपासता येतात.

गैरसमज १: ठामपणे सांगितलं की मुद्दा मांडून झाला.

वस्तुस्थिती: बोलणाऱ्याची बोरं विकली जात असतील, पण आवाज चढला म्हणून मुद्द्याला बळ येत नाही. मुद्द्याला तीन अंगं लागतात: दावा, त्यासाठीचा पुरावा आणि दोघांना जोडणारा नियम. आपल्याकडच्या न्यायदर्शनात हे फार पूर्वीच मांडलेलं आहे. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे आग आहे. कारण जिथे धूर तिथे आग, जसं स्वयंपाकघरात. या अनुमानाचा सारा भार ‘जिथे धूर तिथे आग’ या नियमावर, म्हणजे व्याप्तीवर आहे. शुक्रवारचं वाक्य याच साच्यात घाला. दावा: आज आपण हरणार. पुरावा: आज शुक्रवार आहे. नियम: जिथे शुक्रवार तिथे पराभव. एरवी हा नियम कुणी उघड बोलून दाखवत नाही. तो एकदा शब्दांत मांडला, की तपासायचं काय ते लगेच कळतं.

गैरसमज २: उदाहरणांची रांग लावली की मुद्दा सिद्ध होतो.

वस्तुस्थिती: रांग कुणी आणि कशी लावली, हे आधी पाहावं लागतं. शुक्रवारवाल्यांची रांग भक्कम दिसते. १८ एप्रिल १९८६: ऑस्ट्रल-एशिया कपची फायनल, शेवटच्या चेंडूवर चार धावा हव्यात आणि चेतन शर्माला जावेद मियांदादचा षटकार. २५ ऑक्टोबर १९९१: विल्स ट्रॉफीची फायनल, आकिब जावेदचे ३७ धावांत ७ बळी. २२ एप्रिल १९९४: पुन्हा ऑस्ट्रल-एशिया कपची फायनल, पुन्हा पराभव. तिन्ही दिवस शुक्रवारच होते.

आता कॅलेंडरची आधीची पानं उलटा. १३ एप्रिल १९८४ रोजी पहिल्या आशिया कपमध्ये भारताने शारजातच पाकिस्तानला ५४ धावांनी हरवलं. २२ मार्च १९८५ रोजी इम्रान खानने १४ धावांत ६ बळी घेऊन भारताला १२५ धावांत गुंडाळलं, आणि भारताने पाकिस्तानला ८७ धावांत बाद करून सामना खिशात घातला. हे दोन्ही दिवसही शुक्रवारच. ‘हरणारच’ या शब्दातला ‘च’ यातल्या कुठल्याही एका सामन्याने गळून पडतो.

म्हणून अख्खा दावा मोडीत निघाला का? तसंही नाही. ‘बहुधा हरतो’ असं कुणी म्हणत असेल, तर दोन उलट उदाहरणांनी तो दावा पडत नाही. तिथे सगळे सामने मोजावे लागतात. ‘नेहमी’ म्हणणाऱ्याला एक अपवाद भारी पडतो आणि ‘बहुधा’ म्हणणाऱ्याला हिशेब द्यावा लागतो. वाद घालताना आपण यातलं काय म्हणतोय, हे आधी ठरवावं.

गैरसमज ३: दोन गोष्टी एकत्र घडल्या, म्हणजे एक दुसरीचं कारण.

वस्तुस्थिती: कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, तर दोष कावळ्यावर येतो. इथे फांदी आधीच कुजलेली होती का, ते पाहू. शारजात भारत-पाकिस्तान यांच्यात २४ एकदिवसीय सामने झाले आणि त्यातले १८ पाकिस्तानने जिंकले. म्हणजे वार कोणताही असो, पाकिस्तानचं पारडं जडच होतं. शुक्रवारचा काही खास परिणाम होता असं म्हणायचं, तर शुक्रवारचे निकाल इतर वारांच्या निकालांशेजारी ठेवून फरक दाखवावा लागेल. नुसते शुक्रवार मोजून भागत नाही.

शिवाय अमिरातीत तेव्हा शुक्रवार ही साप्ताहिक सुट्टी होती. स्टेडियम भरायचं तर मोठी लढत आणि फायनल शुक्रवारी ठेवणं सोयीचं. मोठ्या सामन्यातला पराभव मनाला लागतो, लक्षात राहतो, आणि तो शुक्रवारचाच असतो. उलट, शारजातला भारताचा सर्वांत लाजिरवाणा पराभव आठवा: श्रीलंकेविरुद्धची फायनल, भारत सर्वबाद ५४. ती तारीख होती २९ ऑक्टोबर २००० आणि वार रविवार. रविवार अशुभ आहे, असं मात्र कुणी म्हटलं नाही.

गैरसमज ४: स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, याहून मोठा पुरावा नाही.

वस्तुस्थिती: डोळ्यांनी पाहिलेलंही आठवणीत बदलत जातं. २२ एप्रिल १९९८ ची ‘वाळूच्या वादळा’ची मॅच सचिनने जिंकून दिली, असं शपथेवर सांगणारे आजही भेटतात. स्कोअरकार्ड वेगळं सांगतं. ऑस्ट्रेलियाने २८४ धावा केल्या. वादळाने खेळ थांबल्यावर भारतापुढे ४६ षटकांत २७६ चं लक्ष्य आलं. न्यूझीलंडला मागे टाकून फायनल गाठायला २३७ पुरेशा होत्या. सचिनने १३१ चेंडूंत १४३ केल्या, भारत २५० वर थांबला आणि २६ धावांनी हरला. फायनल मात्र गाठली. दोन दिवसांनी, आपल्या पंचविसाव्या वाढदिवशी, सचिनने १३४ केल्या आणि भारत जिंकला. आठवणीने दोन सामने एकत्र शिवले आहेत. ज्या गोष्टीची नोंद उपलब्ध आहे, तिच्यासाठी आठवणीवर विसंबू नये.

तो फायनलचा दिवसही शुक्रवारच होता. पण हे उदाहरण शुक्रवारवाल्यांच्या तोंडावर फेकणं बरोबर नाही. त्यांचा दावा पाकिस्तानपुरता आहे. समोर ऑस्ट्रेलिया होता. आपल्या बाजूचं उदाहरणही लागू पडत नसेल, तर ते बाजूला ठेवावं. नाहीतर वडाची साल पिंपळाला लावल्यासारखं होतं.

गैरसमज ५: सांगणारा पक्षपाती असला की त्याचा मुद्दा खोटा.

वस्तुस्थिती: शारजा-दुबईच्या ऑफिसात लाहोरचा सहकारी शेजारच्याच टेबलावर असतो. तो म्हणाला, ‘तेव्हा आमची गोलंदाजी सरस होती,’ तर ‘तू असं म्हणणारच’ हे उत्तर होत नाही. वसीम अक्रम, वकार युनूस यांचे आकडे तो लाहोरचा असला म्हणून बदलत नाहीत. हितसंबंध विचारात घ्यायचा तो एखादी गोष्ट केवळ त्याच्या शब्दावर अवलंबून असेल तेव्हा. मोठ्या खेळाडूच्या मतालाही हाच न्याय: चेंडू कसा स्विंग होतो यावर त्याचं ऐकावं, ग्रहताऱ्यांबद्दल त्याचं मत तुमच्याआमच्याइतकंच.

गैरसमज ६: ‘खोटं आहे हे सिद्ध करून दाखव’ म्हटलं की आपण सुटलो.

वस्तुस्थिती: जो दावा करतो, सिद्ध करण्याची जबाबदारी त्याचीच. ‘शारजातल्या सगळ्या मॅच फिक्स होत्या’ हे वाक्य असंच फेकलं जातं. २००० साली सीबीआयने मॅच फिक्सिंगची चौकशी केली, हे खरं. पण चौकशी झाली यावरून ‘सगळ्या’ हा शब्द सिद्ध होत नाही. कोणता सामना, कोणता पुरावा, हे सांगणाऱ्यालाच सांगावं लागेल.

गैरसमज ७: मत बदललं म्हणजे हरलो.

वस्तुस्थिती: न्यायदर्शनात चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य शोधण्यासाठी होतो तो वाद, जिंकण्यासाठी होतो तो जल्प, आणि स्वतःचं काहीच न मांडता समोरच्याचं नुसतं खोडत राहणं ही वितंडा. यातला वाद करणाऱ्याला पुरावा पाहून बाजू बदलण्यात कमीपणा नसतो. उत्तर देण्याआधी समोरच्याचा पूर्वपक्ष त्यालाही मान्य होईल अशा शब्दांत मांडायची आपली जुनी पद्धत त्यासाठीच आहे.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी शुक्रवारचं वाक्य टाकलं, तर हसण्यावारी नेऊ नका आणि चिडूही नका. तीन प्रश्न विचारा: ‘नेहमी’ म्हणतोस की ‘बहुधा’? उलट उदाहरणं शोधलीस का? इतर वारांचा हिशेब काय? हेच तीन प्रश्न निवडणुकीच्या अंदाजाला, घरगुती औषधाला आणि व्हॉट्सॲपवर आलेल्या ‘फॉरवर्ड’लाही विचारा. आणि सगळ्यात आधी स्वतःच्या लाडक्या मताला विचारा.