नव्या गिऱ्हाइकाची चौकशी कोठे करावी?

हिंदमाताच्या पेढ्यांवर आणि मदनपुऱ्याच्या कारखान्यांत हल्ली एका नव्या तऱ्हेचे गिऱ्हाईक येते. त्याचे दुकान नसते, गोदाम भाड्याचे असते, आणि भाषा मात्र कोट्यवधी डॉलरची. याला स्टार्टअप म्हणतात. ते नमुने पसंत करते, मोठी ऑर्डर देते आणि साठ-नव्वद दिवसांची मुदत मागते. जुन्या गिऱ्हाइकाची माहिती आम्ही कापडवाले बाजारातच काढतो: दलाल कोण, गेल्या ईदला उचललेल्या मालाचे पैसे कधी चुकते केले. या नव्याला बाजारात कोणी ओळखत नाही.

तसे पाहिले तर मुंबईला हे नवे नाही. १८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेवला सूतगिरणीची कंपनी काढली, तेव्हा तीही स्टार्टअपच होती. पण तिचे भागीदार शहरातले व्यापारी होते. आजच्या कंपनीत पैसा घालणारा सिंगापूरला किंवा अमेरिकेत बसलेला असतो.

पहिली अडचण नावाची. पाटीवरचे नाव आणि कंपनीचे नाव एकच असेल असे नाही. २०१२ साली सुरू झालेली नायका सर्वांना ठाऊक आहे. २०२१ साली ती शेअर बाजारात आली, तेव्हा तिची नोंदणीकृत कचेरी लोअर परळच्या सन मिल आवारात होती. सरकारदरबारी मात्र तिचे नाव एफएसएन ई-कॉमर्स व्हेंचर्स. म्हणून लेटरहेडवरचा एकवीस अक्षरी सीआयएन क्रमांक पाहावा; तो छापणे कायद्याने बंधनकारक आहे. त्यातच कंपनी कोणत्या धंद्यासाठी, कोणत्या राज्यात आणि कोणत्या साली नोंदली गेली हे कळते. केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर हा क्रमांक घातला की संचालक कोण, कंपनी चालू आहे की बंद, शेवटचा ताळेबंद कोणत्या तारखेचा आणि कोणत्या बँकेकडे मालमत्ता तारण आहे, हे समोर येते. इंग्लंडच्या कंपनीचे हिशेब तेथील कंपनीज हाऊसमध्ये फुकट पाहता येतात.

ट्रॅक्सन किंवा क्रंचबेस यांच्या याद्यांत देशोदेशीच्या स्टार्टअप धंदेवार सापडतात. शोधायला त्या ठीक. पण तेथे आधी डोळ्यांत भरतो तो 'उभारलेला पैसा', आणि दुसऱ्याने घातलेला पैसा म्हणजे कमाई नव्हे.

तुलना करताना आमच्या आडतीचा हिशेब आठवावा. आडत्याच्या पेढीवरून कोटीचा माल गेला तरी त्याच्या हाती फक्त आडत पडते. मीशो स्वतः माल विकत नाही, दुसऱ्यांचा विकून देते. नायका बराच माल स्वतः खरेदी करून विकते. या दोघींची 'विक्री' शेजारी मांडली तर हिशेब चुकणारच. शिवाय आपले वर्ष एप्रिल ते मार्च, चीनचे जानेवारी ते डिसेंबर. आणि डॉलरचा भाव निराळाच.

आमच्या धंद्यातले उदाहरण झिलिंगोचे. ही कंपनी २०१५ साली सिंगापुरात निघाली. बँकॉकच्या चातुचाक बाजारातल्या छोट्या दुकानदारांपासून सुरुवात करून ती कपड्यांचे कारखाने आणि खरेदीदार यांना जोडू लागली. फेब्रुवारी २०१९ मध्ये तिने २२.६ कोटी डॉलर उभारले आणि तिची किंमत ९७ कोटी डॉलर ठरली. २०२२ साली हिशेबांवर प्रश्न उठले, जानेवारी २०२३ मध्ये ती अवसायनात गेली. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, दोन वर्षांचे वार्षिक हिशेब तिने सिंगापूरच्या निबंधकाकडे दिलेच नव्हते. नोंद पाहणाऱ्याला ते दिसत होते. बातम्यांत मात्र ९७ कोटीच गाजत होते. याउलट नायकाने २०२०-२१ चा सुमारे ६२ कोटी रुपयांचा नफा कागदावर दाखवला आणि मग शेअर विकायला काढले. पुढे शेअरचा भाव वर जावो की खाली, माल देणाऱ्याला पाहायला कागद तर होता.

कारागीर व कारखानदारांनी उद्यम नोंदणी अवश्य करावी. २००६ च्या कायद्याने त्या सूक्ष्म व लघु उत्पादकाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. साठ-नव्वदची मुदत ऑर्डरवर लिहून घेतली तरी ती चालत नाही. निव्वळ व्यापाऱ्याला २०२१ पासून ही नोंदणी मिळते, पण ती बँकेच्या प्राधान्य कर्जापुरतीच. ४५ दिवसांचे संरक्षण त्याला नाही. तेव्हा आम्हा व्यापाऱ्यांना माल टेम्पोत चढण्याआधीच सीआयएन तपासावा लागतो.