कचरा जाळू नका, तापवा!

महाराष्ट्रात भोगी म्हटली की तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि लेकुरवाळी भाजी आठवते. चेन्नईतली भोगी मात्र आपल्या होळीसारखी! पोंगलच्या आदल्या दिवशी पहाटे मैलापूरच्या गल्ल्यांतून घरातले जुनेपाने दारासमोर पेटवण्याची प्रथा आहे. पूर्वी या आगीत फाटक्या चटया आणि केरसुण्या पडत. पुढे प्लॅस्टिक आणि टायर आले अन् धूर विषारी झाला. २०१८ च्या भोगीला तर धूर आणि धुक्यामुळे चेन्नईची अनेक विमाने रद्द करावी लागली.

उघड्यावर प्लॅस्टिक अर्धवट जळते. काजळी आणि कार्बन मोनॉक्साइड हवेत मिसळतात. त्यात पीव्हीसीचे पाइप किंवा रेक्झिन असले, तर त्यातील क्लोरिनपासून डायॉक्सिन नावाची घातक विषे तयार होतात. ती शरीरातील चरबीत वर्षानुवर्षे साठून राहतात.

मात्र हेच प्लॅस्टिक हवाबंद पात्रात तापवले, तर गोष्ट बदलते. प्राणवायू नसल्याने ते पेटत नाही. सुमारे ४०० ते ५०० अंश सेल्सिअसला त्याच्या लांब साखळ्या तुटून वाफ होते. ही वाफ थंड केली की तेल मिळते आणि जी थिजत नाही, तो इंधन गॅस. हाच गॅस पुन्हा भट्टी तापवायला वापरता येतो. पुण्यात डॉ. मेधा ताडपत्रीकर आणि शिरीष फडतरे यांच्या 'रुद्र' संस्थेने घरोघरचे प्लॅस्टिक गोळा करून असे इंधन बनवले. डेहराडूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेत २०१९ मध्ये एक टन प्लॅस्टिकपासून ८०० लिटरपर्यंत डिझेल देणारा प्रकल्प सुरू झाला.

याहून जास्त, म्हणजे ८०० अंशांच्या वर, अगदी मोजकी हवा देऊन कचरा तापवला, तर त्याचा बहुतेक भाग गॅसच होतो. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलची टंचाई असताना आपल्याकडे मोटारी कोळशाच्या अशाच गॅसवर धावल्या होत्या. या गॅसमध्ये हायड्रोजनबरोबर विषारी कार्बन मोनॉक्साइड असतो. म्हणून हे काम कारखान्याचे. घरी प्रयोग करण्याचे नव्हे.

पण यंत्र कितीही चांगले असले, तरी कचरा कसा येतो यावर सारे अवलंबून असते. दिल्लीत तिमारपूरला १९८७ मध्ये डेन्मार्कच्या मदतीने कचऱ्यापासून वीज करण्याची भट्टी उभारली गेली. ओला, मातीमिश्रित कचरा पुरेशी उष्णताच देईना आणि भट्टी काही आठवड्यांतच बंद पडली.

अशा मिसळलेल्या कचऱ्याचे डोंगर दक्षिण चेन्नईत पेरुंगुडीला, पल्लिकरणैच्या पाणथळीकाठी साचले. एप्रिल २०२२ मध्ये तिथे मोठी आग लागली आणि धुराने आसपासच्या वस्त्यांना दिवसचे दिवस छळले.

म्हणून खरी सुरुवात स्वयंपाकघरातच होते. ओला कचरा वेगळा ठेवावा. दुधाच्या आणि वाणसामानाच्या पिशव्या धुऊन, वाळवून निराळ्या द्याव्यात. पीव्हीसीच्या वस्तू त्यात मिसळू नयेत. आणि भोगी असो वा होळी, प्लॅस्टिकला काडी लावू नये. घरच्या दोन डब्यांनी जे साधते, ते कोट्यवधींच्या भट्टीलाही साधत नाही.