चरबी गेली, मग आले काय?

निकेल उत्प्रेरकाच्या सान्निध्यात तेलातून हायड्रोजन वायू सोडला की वनस्पती तूप तयार होते, हे आपण वर्गात शिकवतोच. हीच अभिक्रिया एका बड्या खाद्यकंपनीवरील टीकेच्या केंद्रस्थानी होती.

अमेरिकेत मॅकडोनाल्ड्सचे बटाट्याचे काप, म्हणजे फ्रेंच फ्राइज, पूर्वी मुख्यतः गाईबैलांच्या चरबीत तळले जात. या चरबीतील संपृक्त मेदाम्लांमुळे रक्तातील कोलेस्टेरॉल वाढते. नेब्रास्का राज्यातील उद्योजक फिल सोकोलॉफ यांना १९६६ साली हृदयविकाराचा झटका आला होता. १९९० मध्ये त्यांनी पदरमोड करून वृत्तपत्रांत पानभर जाहिराती दिल्या आणि कंपनीचे नाव घेऊन टीका केली. कंपनीने आधी या जाहिराती दिशाभूल करणाऱ्या ठरवल्या; पण जुलै १९९० मध्ये चरबी सोडून वनस्पती तेल वापरण्याचे जाहीर केले.

टीकाकार जिंकला असे वाटले. मात्र साधे तेल कढईत तासन्‌तास तापले की लवकर खराब होते. म्हणून वापरले गेले ते अंशतः हायड्रोजनीकरण केलेले तेल.

आता थोडे रसायनशास्त्र. नैसर्गिक तेलात मेदाम्लाची साखळी दुहेरी बंधापाशी वाकलेली असते. वाकड्यातिकड्या काटक्यांची मोळी घट्ट बांधता येत नाही, तशा या साखळ्या दाट रचल्या जात नाहीत आणि तेल पातळ राहते. अर्धवट हायड्रोजनीकरणात काही दुहेरी बंध नाहीसे होतात, तर काही टिकतात. पण टिकलेल्यांपैकी बऱ्याच बंधांची मांडणी उलटते आणि साखळी जवळजवळ सरळ होते. हे ट्रान्स मेद. घोषणेनंतर महिन्याभरातच, ऑगस्ट १९९० मध्ये, मेन्सिंक आणि काटान या डच संशोधकांनी दाखवले, की ट्रान्स मेदामुळे घातक कोलेस्टेरॉल (एलडीएल) वाढते आणि शिवाय उपकारक कोलेस्टेरॉल (एचडीएल) घटते. म्हणजे दुहेरी तोटा!

जुलैतल्या निर्णयाबद्दल कंपनीला फार दोष देता येणार नाही. पुढची बारा वर्षे मात्र अज्ञानाच्या खात्यावर टाकणे कठीण आहे. सप्टेंबर २००२ मध्ये कंपनीने गाजावाजा करून जाहीर केले, की फेब्रुवारी २००३ पर्यंत नवे तेल येईल आणि ट्रान्स मेद निम्म्यावर येतील. मुदत टळली. ती टळल्याचे ग्राहकांना नीट कळवले नाही म्हणून खटले झाले, आणि २००५ मध्ये कंपनीने ८५ लाख डॉलर देऊन तडजोड केली. घोषणा मोठ्या आवाजात आणि माघार दबक्या आवाजात, असा हा प्रकार.

‘वनस्पती तेल’ या शब्दांनीही काय झाकले होते, ते २००१ मध्ये उघड झाले. तेल वनस्पतीचेच होते, पण अमेरिकेतील कापांना गोमांसाच्या अर्काचा स्वाद दिलेला होता. तेथील हिंदू आणि शाकाहारी ग्राहक न्यायालयात गेले. इकडे मुंबई-ठाण्यातही निदर्शने झाली. भारतातील कापांत असा स्वाद नाही, असा खुलासा कंपनीला करावा लागला.

डिसेंबर २००६ मध्ये न्यूयॉर्क शहराने उपाहारगृहांतील कृत्रिम ट्रान्स मेदांवर निर्बंध घातले. २००८ मध्ये कंपनीने अमेरिका आणि कॅनडातील आपले काप ट्रान्स मेदमुक्त झाल्याचे सांगितले. आपल्याकडे वनस्पती तुपासह सर्व खाद्यतेलांतील ट्रान्स मेदांवर दोन टक्क्यांची मर्यादा आली ती जानेवारी २०२२ पासून.