खो मिळेपर्यंत थांबायचं : खेळातून घडणारा स्वभाव



"खेळून काय मिळणार? त्यापेक्षा पाढे पाठ करू दे." पालकसभेत हे वाक्य आपण सगळ्यांनीच ऐकलंय. त्याला उत्तर म्हणून व्याख्यान नको. मुलांचा खो-खो दहा मिनिटं नीट बघा.

पाठलाग करणाऱ्या संघाचे 9 खेळाडू मैदानात असतात. 8 जण ओळीत बसतात, शेजारच्यांची तोंडं विरुद्ध दिशांना. नववा धावतो. आता यातले नियम पाहू.

संयम : गडी अगदी समोरून गेला तरी 'खो' मिळाल्याशिवाय उठता येत नाही.

सहकार्य : धावणाऱ्याला बसलेल्यांच्या मधून पलीकडे जाता येत नाही. पलीकडचा गडी पटकन पकडायचा तर आपली संधी दुसऱ्याला द्यावी लागते.

निर्णय : उठल्यावर एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत मागे फिरता येत नाही.

पण हे गुण आपोआप येत नाहीत बरं का! माझ्या चौथीच्या वर्गातली एक मुलगी पूर्ण डावात एकदाही उठली नाही. "ती हळू पळते" म्हणून कुणी तिला खोच देईना. आणि मी? मी गुण मोजत बसलो होतो. त्या दिवशी ती संयम शिकली नाही, 'आपण नसलो तरी चालतं' हे शिकली. बाकीचेही मागे पडणाऱ्याला वगळायला शिकले.

दुसऱ्या दिवशी मुलांना गोलात बसवून विचारलं, "काल कुणाला एकदाही खो मिळाला नाही?" सगळे गप्प. मग मुलांनीच ठरवलं, सरावात प्रत्येकाला एकदा तरी खो द्यायचा. सुरुवातीला डाव हरले, चिडचिडही झाली. महिन्याभरात ती मुलगी काही वेगवान झाली नाही, पण "मला दे, मला दे!" असं ओरडायला लागली.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 अभ्यास आणि सहशालेय उपक्रम यांत भिंत नको असं म्हणतं. ती भिंत पाडायचं काम आपलं. शिक्षकांनी खेळानंतर पाच मिनिटं गप्पांसाठी ठेवावीत. आणि पालकहो, मूल घरी आलं की "जिंकलास का?" याआधी एवढंच विचारा, "आज कुणाला खो दिलास?"