आमटीवरचे थेंब

मैत्रिणींनो, आमटीवर फोडणी ओतली की तेलाचे बारीक थेंब तरंगतात. दोन जवळ आले की एकच मोठा थेंब होतो. आपण डाव फिरवून मोकळ्या! क्लिफर्ड ब्रँगविन या जीवभौतिकशास्त्रज्ञांना असंच काहीसं जिवंत पेशीत दिसलं.

शाळेत आपण पेशीची आकृती काढायचो ती खोल्याखोल्यांच्या घरासारखी. केंद्रकाला आवरण, तंतुकणिकेला आवरण. पण पेशीत अशाही जागा असतात की आवरण नाही, तरी ठरावीक रेणू तिथेच गोळा होतात. ते कसे? जर्मनीत ड्रेस्डेनच्या मॅक्स प्लांक संस्थेत, अँथनी हायमन यांच्या प्रयोगशाळेत ब्रँगविन मिलीमीटरभर लांबीच्या एका कृमीच्या पेशी न्याहाळत होते. त्यातले 'पी ग्रॅन्यूल्स' नुसते कण नव्हते. ते केंद्रकावरून ओघळत होते, एकमेकांत मिसळत होते. अंड्याच्या एका टोकाला विरघळायचे, दुसऱ्या टोकाला पुन्हा जमायचे. चक्क थेंब! २००९ साली हे 'सायन्स' या नियतकालिकात छापून आलं.

तुम्ही म्हणाल, त्याचं आपल्याला काय? सांगते. थंडीत तूप थिजतं, पण ऊब लागली की पातळ होतं. पेशीतल्या थेंबाचे एकदा तंतू झाले, की ते असं सहजी सुटत नाहीत. २०१५ मध्ये हायमन यांच्या गटाने दाखवलं, की 'एफयूएस' या प्रथिनाचे थेंब परीक्षानळीत काही तासांत तंतुमय होतात. एएलएसच्या रुग्णांत सापडणारा दोष त्यात असेल तर आणखी लवकर. एएलएस म्हणजे स्टीफन हॉकिंग यांना झालेला, स्नायूंची ताकद हिरावणारा आजार. या प्रथिनात असा दोष थोड्याच रुग्णांत असतो, हेही खरं.

आमच्या मंडळातर्फे आम्ही अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जातो. अशाच एका घरातली सून मला म्हणाली, "काकू, मामंजींना हा आजार का झाला हो? सासूबाई म्हणतात, कुणीतरी करणी केली." करणी उतरवणाऱ्याने तोवर तिच्या पाटल्या विकायला लावल्या होत्या. मी तिला तुपाचंच उदाहरण दिलं. नेमकं कारण डॉक्टरांनाही दर वेळी सांगता येत नाही, पण बिघाड शरीरातच असतो, हे तिला पटलं. सासूबाईंना नाही पटलं. लगेच कसं पटेल?

मग तिने विचारलं, "औषध निघालंय का?" खोटी आशा लावणं माझ्याच्याने होत नाही. ब्रँगविन आणि हायमन यांना २०२३ चं ब्रेकथ्रू पारितोषिक मिळालं, थेंब थिजू नयेत म्हणून संशोधनही चालू आहे. पण या शोधातून मामंजींना देता येईल अशी गोळी अजून आलेली नाही. तेवढंच सांगितलं आणि गिळायला सोपी पेज कशी करायची, ते दाखवायला तिच्याबरोबर स्वयंपाकघरात गेले.